गाद्या थांबवण्याचा पासवर्ड

माझ्या प्रोग्रॅममध्ये आजपर्यंत एकही चूक सापडलेली नाही! हे वाक्य मी निवृत्तीच्या समारंभात म्हटलं, नातेवाइकांत म्हणतो, आणि केस कापणाऱ्याची कात्री कानाशी आलेली असली तरी म्हणतो. आता, चूक सापडायला कुणालातरी प्रोग्रॅम उघडून वाचावा लागतो आणि तेवढी हिंमत कुणी केली नव्हती, हा भाग मी वेळेअभावी गाळतो.

हा प्रोग्रॅम एका गाद्यांच्या कारखान्यातला. कुणी किती गाद्या मागवल्यात ते तो बघतो, फोम कापायच्या मशीनला हुकूम सोडतो आणि कुठली गादी कुठल्या ट्रकमध्ये चढवायची तेही सांगतो. तरुणपणी मी तो एकट्याने लिहिला. तेव्हा स्क्रीन काळा, अक्षरं हिरवी आणि आमचे चेहरे या दोन्हींच्या मधल्या रंगाचे असत. अडलं तर विचारायला इंटरनेट नव्हतं. एक जाडजूड पुस्तक होतं, तेही नेमकं दुसऱ्या कुणीतरी नेलेलं असायचं.

तर परवा कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "काका, तुमच्या प्रोग्रॅमला आता निवृत्त करतोय. नवा येतोय. छोटासा समारंभ आहे, जुना तुमच्याच हातांनी बंद करायचा."

"बघ!" मी बायकोला सांगितलं. "एक दिवस मानाने बोलावतील, मी म्हटलं नव्हतं?"

"इस्त्रीचा शर्ट घालून जा," ती म्हणाली.

कारखान्यात नव्या टीमची प्रमुख स्वागताला उभी होती. वयाने माझ्या प्रोग्रॅमहून लहान, पण मुलगी चुणचुणीत.

"सर, हल्ली आम्ही कॉम्प्युटरला साध्या भाषेत सांगतो, की तोच कोड लिहितो. मग आम्ही तो तपासतो. 'कृपया' म्हटलं की जरा बरा लिहितो, असं आपलं मला वाटतं."

"आम्ही शिव्या घालायचो," मी म्हणालो, "आणि शेवटी लिहायचो आम्हीच!"

मग माझं भाषण झालं. चांगलं झालं. इतकं चांगलं झालं, की मला ते थांबवावंसं वाटेना. तिथेच घोळ झाला. नवा प्रोग्रॅम ठरल्या वेळी आपोआप सुरू झाला, आणि जुना मात्र माझं भाषण संपायची वाट बघत चालूच राहिला!

पहिली बातमी गोडाऊनचे मामा घेऊन आले. "साहेब, प्रत्येक गादी दोन-दोनदा येतेय. गोडाऊन भरलं. पुढच्या कुठे टाकू?"

प्रमुख मुलगी ताडकन उठली. "दोघेही एकाच मशीनला हुकूम देतायत! सर, तुमचा बंद करा, लवकर!"

मी सावकाश उठलो. अशा वेळी घाई शोभत नाही. फोटो काढणाऱ्याकडे बघून बटण दाबलं. स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटली: पासवर्ड द्या. आणि खाली खूण: 'बायकोला माझी कोणती गोष्ट सगळ्यात जास्त खटकते?'

सगळा हॉल स्क्रीनकडे बघत होता.

"काका, हे काय?" मालकांनी विचारलं.

"सुरक्षा! चोराला माझी जन्मतारीख कळेल, गाडीचा नंबर कळेल, हे कळेल का? शिवाय, उत्तर वर्षानुवर्षं बदलणार नाही याची खात्री होती."

"मग उत्तर काय?"

मी छातीठोकपणे 'घोरणं' टाइप केलं. चूक! 'विसरभोळेपणा' टाकला. तोही चूक!

"आणखी एकदा चुकलं तर?" मुलीने विचारलं.

"मग तो दिवसभर कुणाशी बोलत नाही."

"हे पण तुम्हीच लिहिलंय?"

"हो. ती कल्पना मला घरीच सुचली."

मामा परत आले. "कँटीन भरलं. आता?"

"माझ्या केबिनमध्ये टाका!" मालक ओरडले. "नाहीतर कॉम्प्युटरची वायरच उपटा!"

"उपटा की! पण नवाही याच कॉम्प्युटरवर आहे, आणि वायर परत लावली की जुना जिथे थांबला तिथूनच सुरू होतो. एक गादी विसरायचा नाही. पोलादी काम आहे, मी म्हटलं नव्हतं?"

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी थोडा फोटोवाल्याच्या मागे सरकलो. मशीन बंद करावं, तर बाहेर एका नव्या हॉटेलचा ट्रक उभा होता. संध्याकाळी पाहुणे येणार, आणि खोल्यांत अजून नुसते पलंग! त्यांच्या गाद्या या ढिगाऱ्यात कुठेतरी होत्या किंवा व्हायच्या होत्या. ऑर्डर हातची गेली तर मालकांची अब्रू जाणार होती, आणि माझी तिच्या पुढे पळत सुटणार होती.

"सर, घरी फोन लावा," मुलगी म्हणाली. तिने स्वतःच माझा फोन घेऊन स्पीकर चालू केला. "म्हणजे मला ऐकून टाइप करता येईल."

"अहो, शर्टावर चहा सांडलात का?" बायकोचा आवाज हॉलभर घुमला.

"नाही गं. एक सांग, माझी कोणती गोष्ट तुला सगळ्यात जास्त खटकते?"

पलीकडून काळजीचा स्वर आला. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"कामाचं आहे गं!"

"थांबा, गॅस बंद करून येते."

ती आली, आणि तिने सुरुवात केली. "चार लिंबं आणा म्हटलं, की शून्यापासून मोजता आणि पाच आणता. दुधाकडे लक्ष ठेवा म्हटलं, तर ते उतू जाईपर्यंत एकटक लक्ष ठेवता. वर म्हणता, गॅस बंद करायला तू कुठे सांगितलं होतंस? भांडताना मी मुद्दे मांडले, की त्यांना नंबर घालता!"

मामांनी डोक्यावरची गादी खाली ठेवली आणि तिच्यावर मांडी घातली. "वहिनी, सावकाश होऊ द्या."

"कोण बोलतंय?"

"गोडाऊनचा मामा."

"नमस्कार मामा. तर, यांची ती छत्री..."

"वहिनी!" मालकांचा आवाज छताजवळून आला. एव्हाना हॉलमध्येही गाद्या रचल्या होत्या आणि ते सगळ्यात वर, पंख्याच्या शेजारी बसले होते. "एकच सांगायचंय! एकदाच!"

"एकच? मग सोपं आहे. घरात काही सांडो, फुटो, बिघडो, मदत करायच्या आधी हे कमरेवर हात ठेवून उभे राहतात आणि म्हणतात, 'मी म्हटलं नव्हतं?'"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कमरेवरचे हात काढले.

मुलीने टाइप केलं. हिरवी अक्षरं क्षणभर थबकली, आणि उमटलं: 'काम पूर्ण. नमस्कार.' मशीनने एकाच प्रोग्रॅमचं ऐकायला सुरुवात केली. मामांनी ढिगातून हॉटेलच्या गाद्या ओढून काढल्या, ट्रक भरला, गेटबाहेर पडला! टाळ्या झाल्या. मी बोलायला तोंड उघडलं.

"काका, नको!" मालक वरून म्हणाले.

निघताना ती मुलगी दारापर्यंत आली. "सर, वीज जाऊन आल्यावर जिथे थांबलं तिथूनच काम उचलणारा तुमचा भाग आम्ही नव्या प्रोग्रॅममध्ये तसाच ठेवलाय. कॉम्प्युटरने लिहिलेला सारखा कोसळत होता."

"म्हणजे... माझा प्रोग्रॅम तू उघडलास?"

"पासवर्डचा कुलूपबंद भाग सोडून अख्खा वाचला. एकही चूक नाही, सर."

मी खिशात रुमाल शोधायला लागलो. तो इस्त्रीच्या शर्टाबरोबर घ्यायचा राहिला होता.

बसमध्ये शेजारच्या प्रवाशाला मी सगळं सविस्तर सांगितलं. एकही चूक नाही, हे दोनदा. शेवटी म्हणालो, "पासवर्ड तसा मला आठवतच होता हो. म्हटलं, बायकोला पण जरा मान मिळू दे!"

"ऐकतेय मी," माझा खिसा म्हणाला. "येताना लिंबं आणा. चार!"

तर वाचकहो, एवढा मोठा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाची एक लहानशी विनंती आहे. फोनचा स्पीकर कुठून बंद करतात, ते कुणीतरी सांगा. जरा हळू आवाजात. अजून चालू आहे.