बिनबटणाची वर्दी

"खुनी कोण, हे मला पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं!" मास्तर म्हणाले आणि चार टाचण्या ओठांत धरून पुन्हा मशीनवर बसले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं, सिनेमाचे कपडे शिवणारे. लष्करातला रहस्यपट म्हणजे त्यांचा जीव की प्राण! छावणी, कडक इस्त्रीच्या वर्द्या, एक प्रेत आणि तपासाला आलेला मिशीवाला मेजर, एवढं असलं की स्वारी जेवणसुद्धा विसरायची. मध्यंतराआधीच खुन्याचं नाव मोठ्यानं सांगून आजूबाजूच्या प्रेक्षकांच्या शिव्याही खायची. बायकोचं म्हणणं असं, की ओठांत टाचण्या असतात तेवढाच वेळ हा माणूस गप्प बसतो.

आणि नशीब बघा! पाच महिने हातावर हात ठेवून बसल्यावर मास्तरांकडे काम आलं, तेही नेमक्या अशाच सिनेमाचं. छावणीत कर्नलचा खून होतो आणि मेजर तपास करतो. खुनी कोण, हे मात्र नटांनासुद्धा ठाऊक नाही. पटकथेची शेवटची चार पानं डायरेक्टरनं कुलपात ठेवलेली! पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना दम भरला, "शेवटाबद्दल कुणी अवाक्षर काढलं, तर त्याच दिवशी घरी!"

बायकोनं तर हातच जोडले. "अहो, या वेळी तरी तोंड आवरा. हे काम गेलं, तर पुन्हा कोण बोलावणारे तुम्हाला?"

आवरलंही असतं हो. पण तेवढ्यात कपड्यांची यादी आली. मेजर, एक वर्दी. कॅप्टन, एक. सुभेदार, एक. डॉक्टर, दोन! आणि त्यापुढे लिहिलेलं, दुसरीला शेवटचं बटण लावू नये.

मास्तरांची कात्री हवेतच थांबली. दोन वर्द्या कुणाला लागतात? खून करणाऱ्याला! एक स्वच्छ आणि एक रक्तानं माखायला. आणि ते बटण? ते सापडणार प्रेताच्या मुठीत! मास्तरांनी उरलेलं पितळी बटण पुरावा म्हणून खिशात टाकलं आणि तब्बल दीड दिवस कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरचं काम करणारा नट वर्दी घालून बघायला आला. मास्तरांनी खांद्याची शिवण सरळ केली, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच्या कानाशी लागले.

"डॉक्टरसाहेब, अभिनंदन!"

"कशाबद्दल?"

"खून तुम्हीच केलाय!"

"काय सांगता! मी?" त्याचा चेहरा असा खुलला, जणू त्याला मुलगाच झाला!

झालं! त्या दिवसापासून डॉक्टरचा नूरच पालटला. जवानाची नाडी बघताना गालातल्या गालात हसू लागला. पट्टी बांधायची पायाला, पण नजर गळ्यावर! त्यानं गुपित फक्त मेजरला सांगितलं, आणि मेजरनं फक्त कॅप्टनला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या युनिटला कळलं. कर्नल झालेले म्हातारे नट तर डॉक्टरनं दिलेली खोकल्याची गोळीसुद्धा घेईनात. आणि मेजर तपासाला आला तो बाकी सगळ्यांना ओलांडून थेट डॉक्टरसमोर जाऊन उभा राहिला!

"कट!" डायरेक्टर ओरडला. "अहो मेजर, अजून पहिलाच साक्षीदार व्हायचाय! आणि डॉक्टर, तुम्ही पेशंट तपासताय की गिळताय? कुणी फोडलं हे?"

त्यानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. डॉक्टर छताकडे बघू लागला. मेजरच्या अंगात मात्र तपास भिनलेला! हात पाठीमागे बांधून तो एकेकाला न्याहाळत मास्तरांसमोर आला.

"मास्तर, तुमचं काय म्हणणं आहे?"

"अं हं."

"तोंडातल्या टाचण्या काढा आधी!"

मास्तर टाचण्या डबीत ठेवायला खाली वाकले आणि खिशातलं बटण टण्णकन पडलं. सगळ्यांच्या बुटांसमोरून घरंगळत गेलं आणि डायरेक्टरच्या पायाशी गिरकी घेऊन आडवं झालं.

"या बटणावरून ठरवलंत तुम्ही?" डायरेक्टरनं ते उचलून विचारलं.

"हो. दोन वर्द्या, एक बिनबटणाची, म्हणजे..."

"म्हणजे या गृहस्थांचं पोट! तालमीत खुर्चीवर बसले आणि सदऱ्याचं शेवटचं बटण गोळीसारखं उडालं, माझा चष्मा वाचला तो नशिबानं. ती दुसरी वर्दी बसायच्या दृश्यांसाठी आहे!"

डॉक्टरनं पोट आत ओढून पाहिलं, पण ते काही ऐकेना.

मास्तरांच्या डोळ्यांसमोर बायकोचे जोडलेले हात आले. कुठून ही दुर्बुद्धी सुचली! त्यांनी गळ्यातली टेप काढून घडी केली आणि दाराकडे निघाले. पण स्वभाव जातो कुठे? दारातून ते वळलेच.

"साहेब, जाता जाता एवढं सांगा. मग खुनी कोण हो?"

डायरेक्टर त्यांच्याकडे बघतच राहिला. "थांबा! असेच उभे राहा! ही खाली गेलेली मान, हे ओशाळलेले डोळे... महिनाभर हाच चेहरा शोधतोय मी!"

त्यानं मास्तरांना खोलीत नेलं, कुलूप उघडलं आणि चार पानं हातात दिली. खुनी होता छावणीचा शिंपी.

"पण शिंपी यादीत नव्हताच!" मास्तर कळवळून म्हणाले.

"त्याला वर्दी कशाला? तो घरच्याच कपड्यांत येतो. म्हणून तर त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. तुमचा तरी गेला का? आता ही भूमिका तुमची. पण या वेळी फुटलं, तर खरंच घरी!"

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "ठेवलं ना कामावर?"

"ठेवलं म्हणजे काय, वाढवलं!" मास्तर ऐटीत म्हणाले.

"बाई गं! सुटले मी." मग ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मला तरी सांगा ना, खुनी कोण निघाला?"

जन्मात पहिल्यांदाच मास्तरांना खुनी कोण हे अगदी खात्रीनं माहीत होतं. तोंड उघडलंसुद्धा! मग त्यांनी घाईघाईनं डबी ओढली आणि चारच्या जागी सात टाचण्या ओठांत धरल्या.

बायकोनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "म्हणजे या खेपेला चुकलात वाटतं!"

मास्तरांनी मुकाट्यानं मान डोलावली.