मंगळवारचा नवरा

क्वाकू आसियामा बायकोकडे कायमचा राहायला निघाला होता, आणि ही बातमी घानातल्या कुमासीत कुणाला सांगायची त्याने बाकी ठेवली नव्हती. बायको अब्राफी दोन वर्षांपासून एका थंड देशात नर्स होती. राजीनामा देताना तो साहेबांना म्हणाला, "या कारकुंड्यांत बसून माझी अक्कल कुजली."

राजधानी अक्राला व्हिसाच्या खिडकीत तसलाच एक कारकुंडा बसला होता. कागद चाळत तो म्हणाला, "नाव क्वाकू, म्हणजे जन्म बुधवारचा. दाखल्यावरची तारीख तर मंगळवारची निघते."

"गोऱ्यांना काय कळतंय मंगळवार नि बुधवार?"

"मी गोरा दिसतो तुम्हाला?"

क्वाकू तणतणत आईकडे गेला. ती उकडलेल्या कंदांचा फुफू कुटत होती. "जन्मलास मंगळवारीच," ती म्हणाली. "तुझा बाप घरी उगवला बुधवारी. त्याने तोच वार धरून नाव ठेवलं. त्याच्याशी कोण डोकं लावणार?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तुला सगळं आधीच ठाऊक असतं."

चार महिने खेटे घातल्यावर नवा पासपोर्ट हातात पडला. त्यावर मंगळवारी जन्मलेल्याचं अस्सल नाव होतं: क्वाबेना आसियामा. खिडकीतल्या माणसाने आता लग्नाचा दाखला उघडला.

"अब्राफीबाईंचा नवरा क्वाकू. तुम्ही क्वाबेना. परक्या बाईच्या घरी राहायला कशाला निघालात?"

विवाह कचेरीत जुन्या नोंदीत खाडाखोड चालत नव्हती. नव्याने लग्न लावा, म्हणाले. पण बाई आधीच क्वाकूची. तेव्हा आधी त्याच्यापासून घटस्फोट.

अब्राफी पंधरा दिवसांची रजा काढून आली. क्वाकूने शेवटचं क्वाकू म्हणून सही ठोकली. सगळे कसे मूर्ख आहेत, हे तो कोर्टात शेजारी बसेल त्याला समजावत होता. महिने लागतील म्हणाले होते. निकाल तेराव्या दिवशीच लागला. सरकारी काम इतक्या झटपट झालेलं त्याने प्रथमच पाहिलं.

"चल लवकर," तो पायऱ्या उतरत म्हणाला. "विवाह कचेरी चारला बंद होते."

अब्राफी जागची हलली नाही. तिने घटस्फोटाचा कागद सावकाश वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढली.

"क्वाबेना ना तू? तुझी माझी तशी ओळख नाही," ती शांतपणे म्हणाली. "रीतसर मागणी घाल. सोबत चालचलणुकीचा दाखला जोड. विचार करून कळवते."

"किती दिवसांत?"

"ते सांगता येत नाही. आणि चौकशीसाठी फोन करू नकोस."