एकशे वीस व्होल्टचे केस

माणूस देश बदलतो तेव्हा त्याचं चलन बदलतं, घड्याळ बदलतं, रस्त्याची बाजू बदलते. हे सगळं त्याला निघण्याआधीच ठाऊक असतं, कारण सांगायला नातेवाईक असतात. भिंतीतल्या विजेचा दाबही बदलतो, हे मात्र तिथं गेल्यावर कळतं. त्याचंही कारण नातेवाईकच.

साताऱ्याच्या गोडोलीतली पल्लवी या नियमाला अपवाद ठरली नाही.

पल्लवीचे केस कुरळे. साधेसुधे नव्हेत, पावसाळ्यात दाराच्या कडीला अडकतील असे. हा वारसा हरणाबाई आत्याचा. आत्या माणदेशात मेंढरं राखायची, आणि तिच्या केसांत हरवलेला कंगवा एकदा पुढच्या सणाला सापडला, असं घरात सांगत. (आत्या हे नाकारत नाही. सण कोणता, एवढाच तिचा वाद आहे.)

कॉलेजात गेल्यावर पल्लवीनं स्ट्रेटनर घेतला आणि रोज सकाळी चाळीस मिनिटं केसांना इस्त्री हा घरचा नेम झाला. पाण्याची मोटर आणि स्ट्रेटनर एकाच वेळी लावू नये, असा अलिखित ठरावही झाला. पुढं लग्नाचा बायोडाटा करताना आईनं, म्हणजे मायाताईंनी, 'केस : सरळ व लांब' असा एक रकाना स्वतःहून वाढवला. इतरांच्या बायोडाटात तो नसतो. पण जे झाकायचं त्याचाच आधी रकाना काढायचा, ही कामकाजाची जुनी आणि यशस्वी पद्धत आहे.

स्थळ आलं विट्याचं. मुलगा ऋषिराज. घरचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करण्याचा. चुलते परमुलखात दुकानं मांडून बसलेले. ऋषिराज मात्र कॉम्प्युटर शिकला आणि अमेरिकेत कोलंबस नावाच्या गावी नोकरीला लागला. लग्नानंतर तो अकरा दिवस इथं होता. ते अकरा दिवस पल्लवी सगळ्यांच्या आधी उठून केस सरळ करायची. सासूबाईंनी याला संस्कार म्हटलं. मग तो गेला आणि हिचा व्हिसा यायला दहा महिने लागले. एकूण व्हिडिओ कॉल दोनशे शहाण्णव, पैकी कुरळा एकही नाही.

बॅगेत पहिला मान स्ट्रेटनरला मिळाला, दुसरा लोणच्याला. वायर असलेली वस्तू म्हटली की घरात कृष्णातमामांचं मत घेत, कारण मामांनी कोयनानगरला चौतीस वर्षं काढली होती. (ते तिथं स्टोअरमध्ये गमबूट वाटायचे. पण एवढी वर्षं धरणाशेजारी राहिलेल्या माणसाला विजेचं कळत नाही, असं तोंडावर कोण म्हणणार?) मामांनी स्ट्रेटनर उलटा केला, त्यावरची बारीक अक्षरं चष्मा नसल्यामुळं वाचली नाहीत, आणि निकाल दिला.

"वीज म्हंजी पाणी. नळ बदलला म्हणून पाणी बदलत न्हाई. नुसती पिन बदला."

पिन बदलली. एक मोडली तर असावी म्हणून दोन घेतल्या.

कोलंबसच्या पहिल्या सकाळी पल्लवीनं न्हाणीघराचं दार लावून स्ट्रेटनर जोडला. लाल दिवा लागला, पण जरा पेंगुळलेला. दहा मिनिटांनी पट्ट्या इतक्याच तापल्या की त्यावर फार तर मांजर झोपलं असतं. आपल्याकडं दाब दोनशे तीस व्होल्ट, तिकडं एकशे वीस. दाब निम्मा झाला की उष्णता निम्मी नव्हे, पाव होते. हे विज्ञान आहे, आणि विज्ञानाला बायोडाटा दाखवून उपयोग नसतो.

तिनं मामांना फोन लावला.

"लाइट लागतीय का?" मामांनी विचारलं.

"लागतीय."

"मग मशीन चालू हाय. दोष केसात असंल."

नवा स्ट्रेटनर आणायचा तर गाडी हवी, कार्ड हवं आणि कारण हवं. गाडी नवऱ्याची, कार्ड नवऱ्याचं आणि कारण तर नवराच. तेव्हा तिनं खोबरेल थापून घट्ट अंबाडा घातला. ऋषिराजला वाटलं, काहीतरी व्रत असावं. तो आदरानं वागू लागला. मंगळवारी त्यानं अंडीसुद्धा आणली नाहीत.

खरं सांगायचं तर पल्लवी घाबरली होती. त्या दोनशे शहाण्णव कॉलांतल्या मुलीवर त्याचा जीव बसलेला, आणि ती मुलगी दोनशे तीस व्होल्टवर चालायची. अंबाड्यानं डोकं ठणकायचं, रात्री उशी तेलकट व्हायची, आणि दहा महिने ज्याची वाट पाहिली त्याच्यासमोर बसून जेवताना तिला घास गोड लागत नव्हता.

साताऱ्यात मात्र यंत्रणा हलली होती. "दाब कमी पडतोय न्हवं? मग वाढवू की," असं म्हणून मामांनी सांगलीच्या एका ओळखीच्या कारागिराकडून दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला. क्षमता दोन किलोवॅट, वजन चौदा किलो. स्ट्रेटनरला त्याचा विसावा भागही पुरला असता. पण मामांची नजर दूरवर होती. "उद्या तिनं पिठाची गिरणी घातली तर?"

त्या कारागिराच्या शेजारच्या नूरजहांचाची आपल्या मुलाकडं, कैफकडं, कोलंबसलाच निघाल्या होत्या. 'पोरीचं अडलंय' एवढं कळताच त्यांनी स्वतःचं अर्धं सामान काढून जागा केली. विमानतळावर हे काय आहे असं विचारलं, तेव्हा त्यांनी "बालां का मशीन है" असं खरं उत्तर दिलं. त्यामुळं ते तीनदा तपासलं गेलं. बुधवारी ऋषिराज ऑफिसात असताना कैफनं ते पल्लवीकडं पोचवलं.

गुरुवारी ऋषिराज घरूनच काम करत होता. सकाळी नऊला त्याची मोठ्या साहेबासोबत मीटिंग सुरू झाली, आणि पल्लवीनं ती वेळ साधली. केस धुतले, बिनखिडकीच्या न्हाणीघरात ट्रान्सफॉर्मर फरशीवर ठेवला, बटण दाबलं. यंत्रानं रेड्यासारखा एक हुंकार दिला आणि घरातली वीज गेली. दिवे गेले, इंटरनेट गेलं, साहेबही गेला.

ऋषिराज मोबाइलचा टॉर्च लावून धावत आला. उजेड आधी फरशीवर पडला.

"हे काय आहे?"

"मामांनी पाठवलंय."

"गिरणी घालायची आहे का?"

पल्लवीला हसू आलं नाही. तिनं भिंतीकडं बघत सांगून टाकलं, "माझे केस कुरळे आहेत."

टॉर्च वर आला. ओले केस खांद्यावर मोकाट सुटले होते.

"बरं," तो म्हणाला. "मग?"

"बायोडाटात सरळ लिहिलंय."

ऋषिराज टबाच्या कडेवर बसला. म्हणाला, "बायोडाटात माझी उंची पाच-नऊ लिहिलीय."

"ठाऊक आहे. हार घालतानाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या आईंनी लिहिली होती. त्यांना काय बोलायचं?"

(खरी उंची पाच-सात. सोनं गाळताना जे थोडं कमी भरतं त्याला विट्यात घट म्हणतात. घट धरूनच सौदा होतो.)

"पण तुम्हाला इतक्या कॉलांत शंका नाही आली?" तिनं विचारलं.

"केस हलायचेच नाहीत तुझे. मला वाटायचं, स्क्रीन अडकलीय."

आता मात्र ती हसली. अंधारात दोघं बराच वेळ तिथंच बसून राहिली. साहेबाला नंतर 'घरगुती विद्युत बिघाड' असं लेखी कळवण्यात आलं.

शनिवारी तो तिला दुकानात घेऊन गेला. तिथं मांडणीच्या एका फळीवर कुरळे केस सरळ करणारी यंत्रं होती, आणि शेजारच्याच फळीवर सरळ केस कुरळे करणारी. दोन्हीकडं गर्दी सारखीच, फक्त माणसांची अदलाबदल झालेली. दुसऱ्या फळीपाशी उभ्या एका गोऱ्या बाईनं पल्लवीच्या केसांकडं बघून, हे कोणत्या यंत्रानं केलं, असं विचारलं. पल्लवीनं सांगितलं, "आत्या." बाईनं ते कंपनीचं नाव समजून मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

काही न घेताच दोघं घरी आली. त्या रात्री साताऱ्याला कॉल लागला तो कुरळा. मायाताईंनी विचारलं, "आजारी आहेस का गं?" मामांनी विचारलं, "ट्रान्सफॉर्मर चालतोय न्हवं?" पल्लवी म्हणाली, "लय उपयोगी पडला, मामा." हे खरंच होतं, त्यावर तुळशीची कुंडी नीट बसली होती. आत्यानं मायाताईंच्या हातातून फोन घेतला आणि पडदा नाकाशी धरला. मग म्हणाली, "लय दिसांनी आमच्या घरची पोरगी दिसली."

या प्रकरणातून कुणी बोध घ्यावा, अशी अपेक्षा नाही. निरीक्षण एवढंच आहे, की ही हकीगत वाचताना शंभरातल्या सत्तर वाचकांचा हात एकदा तरी स्वतःच्या केसांवरून (किंवा ते पूर्वी जिथं होते तिथून) फिरतो. उरलेल्या तिसांचा आत्ता फिरला.