टाकीतला काळा प्राणी

मामांच्या मते शहरात तल्लख मेंदू दोनच होते, आणि त्यांतला दुसरा त्यांना अजून सापडला नव्हता. पोटासाठी ते विमा विकत. पिंडाने ते गुप्तहेर. हाती घेतलेलं एकही प्रकरण सुटलं नव्हतं, कारण गुन्हेगारच फार हुशार भेटत.

ताईने त्यांना बोलावलं होतं ते भाचीच्या गणितासाठी. गुणाकार दिसला की बिट्टीच्या पोटात दुखायचं. मामा मायक्रोस्कोपच घेऊन आले.

"वरचं भिंग दहा पट, खालचं चार पट. मिळून?"

"चौदा."

"चाळीस! इथे गुणायचं असतं." मामांनी टाकीच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला, डोळा लावला आणि ओरडले, "प्राणी! काळा, वाकडा... हलतोय!"

खालचं भिंग बदलून चाळीस पटीचं लावलं, तरी प्राणी हजर. थेंब पुसून मिठाचा खडा ठेवला, तिथेही तोच!

"आधी पाण्यात, मग मिठात. हा घरातलाच कोणीतरी आहे," मामा कुजबुजले. संशय प्लंबरवर गेला. तो परवाच टाकीवर चढला होता, वर शीळही घालत होता. निरपराध माणूस कशाला शीळ घालेल?

ताई घाबरली. तिने त्याच प्लंबरला बोलावून टाकी रिकामी करायला वर चढवलं. "आणि ते यंत्र आत्ताच्या आत्ता माळ्यावर टाक!"

बिट्टीने यंत्र घट्ट धरून ठेवलं. "थांब गं आई! मामा, भिंग बदललं तेव्हा पाण्यातला धुळीचा कण केवढा झाला?"

"दहा पट तरी."

"आणि प्राणी?"

"तेवढाच."

"मग तो काचेवर नाहीच! काचेवर असता तर तोही वाढला असता." तिने स्वतः डोळा लावला. "मला तर दिसतही नाही. तुम्ही बघा. आता पापणी मिटा, उघडा."

"हलला!"

"तुमच्या पापणीचा केस आहे तो, मामा."

तेवढ्यात प्लंबर शीळ घालत दारात आला. "टाकी साफ, बाई. थेंब शिल्लक नाही."

मामा सावरून बसले. "म्हणजे आता प्राणी तिथेही नाही. प्रकरण मिटलं."

ताईने बादली त्यांच्यापुढे आपटली आणि शेजाऱ्यांच्या नळाकडे बोट दाखवलं.

"टाकी पाचशे लिटरची, बादली वीसची," बिट्टी आनंदाने ओरडली. "मामा, फक्त पंचवीस खेपा!"