पंप, नग एक

"बाजारातला पंप? तो डोकं नसलेल्यांनी विकत घ्यायचा!" असं बायकोला ऐकवून जावईबापू माळ्यावर चढले.

त्यांचा धंदा चित्रांचा. इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल, ते कम्प्युटरवर रंगवून द्यायचं. पण कम्प्युटर असा तापायचा की चित्र अर्धं झालं की बंद! शुक्रवारी एका वाचनालयाचं चित्र द्यायचं होतं. ते चुकलं तर गिऱ्हाईक कायमचं गेलं. म्हणून नळ्यांतून पाणी फिरवून कम्प्युटर थंड ठेवायचा बेत. नळ्या आल्या, टेबलाखाली कपडे भिजवायचा टब आला. राहिला पंप. माशांच्या टाकीचा त्यांना मरतुकडा वाटला, कूलरचा राक्षसी. माळ्यावर मात्र सासरेबुवांचं पाय शेकायचं यंत्र पडून होतं. लेकीनं हौसेनं दिलेलं. पायांवर फवारे मारायचं. "गुदगुल्या होतात," म्हणून सासऱ्यांनी एकदाच वापरून बाजूला ठेवलेलं. त्यातला पंप काय सुरेख! जावईबापूंनी तो काढला, झाकण होतं तसं लावलं आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही.

सांगणार कसं? सासरे म्हणजे कारखान्यातले निवृत्त स्टोअरकीपर. छत्तीस वर्षांत सहीशिवाय एक खिळा बाहेर जाऊ दिला नव्हता. गुडघे दुखतात म्हणून लेकीकडे राहायला आले होते, पण नजर अजून तीच!

पंप झकास चालला. पण दुसऱ्याच दिवशी टबातलं पाणी चार बोटं खाली! नळ्या तपासल्या, कुठे गळती नाही. फरशी कोरडी ठणठणीत. टब पुन्हा काठोकाठ भरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा चार बोटं!

"तू यातलं पाणी घेतेस का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी कशाला घेऊ? घरात नळ आहे! उलट माझं फरशी पुसायचं फडकं रोज ओलं कसं, ते तुम्ही सांगा."

आता बायकोही संशयानं बघायला लागली. जावईबापू शेजारच्या मांजरावर घसरले. एवढं पाणी प्यायलं असतं तर मांजर फुटलं असतं, पण संशयाला अक्कल कुठे असते!

त्यातच जेवताना सासरे एकदम म्हणाले, "या घरातल्या वस्तूंना पाय फुटलेत."

जावईबापूंना जोराचा ठसका लागला. "कु... कुठल्या वस्तूंना?"

"मी कुठे नाव घेतलं? पाणी प्या."

शुक्रवारी दुपारी चित्र ऐंशी टक्के झालं होतं. "जरा बाहेर जाऊन येतो," असं ओरडून जावईबापूंनी बाहेरचं दार आपटलं आणि चपला हातात घेऊन ते खोलीतल्या पडद्यामागे लपले. दहा मिनिटांत सासरे आले. खांद्यावर टॉवेल, काखेत फरशी पुसायचं फडकं! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, विजार गुडघ्यापर्यंत सरकवली, खुर्चीत बसले आणि दोन्ही पाय टबात सोडले. भसकन पाणी बाहेर सांडलं.

"आहाहा!" सासरे म्हणाले.

"पकडलं!" जावईबापू किंचाळले.

सासरे दचकले, पाय उसळला आणि नळी पंपावरून निसटली! पाणी फिरायचं थांबलं. स्क्रीनवर तापमानाचा आकडा सुसाट पळायला लागला. सासऱ्यांनी वाकून नळी उचलली आणि पंपाच्या तोंडावर गच्च दाबून धरली. आकडा थबकला.

"बाबा, सोडू नका! वीसच मिनिटं!"

"नाही सोडत. पण हा पंप कुणाचा?"

जावईबापूंनी हातातल्या चपला पाठीमागे लपवल्या.

"पहिल्याच दिवशी ओळखला. त्या गुदगुल्या माणूस विसरतो होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"त्या यंत्रात पाणी गार पडायचं. इथे कसं छान कोमट राहतं! गुडघे मोकळे झाले माझे. पण नियम म्हणजे नियम. कागद घ्या, लिहा." आणि त्यांनी पकड जराशी सैल केली. आकडा टुणकन वर!

जावईबापूंनी लिहिलं, 'पंप, नग एक, न विचारता नेला.'

"खाली सही. तारीख."

"आणि तुम्ही? तुम्हीसुद्धा न विचारताच पाय घातलेत की!"

"दोन पाय आत गेले, दोन बाहेर येणार. माझा हिशोब चोख आहे!"

चित्र पूर्ण झालं, वेळेत पोचलं, गिऱ्हाईक खूश झालं. जावईबापूंनी ऐटीत आठवडाभर सुट्टी घेतली. पहिल्याच दुपारी ते कोचावर जरा आडवे झाले, तोच आतून सासऱ्यांची हाक आली.

"अहो जावईबापू! पाणी गारढोण आहे इथे. नुसते लोळता काय? काही कामधंदा करा की!"