परसूअण्णांचे धुतलेले हात

मी कॉलेजात शिकतो म्हणजे मला लिहिता येतं, असा कोणी समज करून घेऊ नये. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरं की वाईट हे सांगणारंही घरात कोणी नाही. शिवाय माझ्या लिहिण्याने एका माणसाचं नुकसान झालेलं आहे. ते आमचे निपाणीचे शेजारी, परसूअण्णा. त्यांच्याबद्दलच लिहितो आहे, तेव्हा या धाडसाची आधीच माफी मागतो.

परसूअण्णा दिवसातून दहा वेळा हात धुवायचे. आधी राख, मग चिंच, मग लिंबाची फोड, शेवटी साबण. एवढं करून हात नाकाशी न्यायचे आणि म्हणायचे, "अजून हाय रं."

हाय म्हणजे तंबाखूचा वास. आता निपाणीत तो कुठे नाही? भाकरीला आहे, अंथरुणाला आहे, देवळातल्या प्रसादालाही आहे. त्यात अण्णांचं काम वखारीत तंबाखू पारखायचं. पान चुरगळायचं, हुंगायचं आणि सांगायचं, हे कुठल्या रानातलं आणि किती दिवस उन्हात वाळलं. साऱ्या पेठेत त्यांच्या नाकाला मान होता. हा माणूस एक दिवस हाताला फडकं गुंडाळून पान पारखायला बसला. वखारीचे मालक म्हणाले, "परसू, हाताला फोड आलाय का तंबाखूवर रुसलायस?"

अण्णा हातांवर थांबले असते तरी बरं होतं. पहाटे उठून जोर-बैठका, मग अंकलिपी, मग आरशासमोर उभं राहून शहरी बोलायचा सराव. सुधारायच्या गोष्टींची यादी त्यांनी माझ्याकडून भिंतीवर कोळशाने लिहून घेतली होती. एक जमली की खोडायची, पण ती खोडेपर्यंत खाली दोन वाढलेल्या असायच्या. 'चालताना पाय फेंगडे पडतात' ही शेवटची.

"आईनं दिलेल्या पायास्नी काय दुरुस्त करायचं, अण्णा?" मी विचारलं.

"तुझं बरं हाय. तू कॉलेजात चाललास," ते म्हणाले. "मला लई मागनं गाठायचं हाय."

त्यांना गाठायचं होतं ते नंदगडला. तिथल्या शाळामास्तरांची मुलगी, गंगावहिनी, त्यांना दिलेली. वहिनी सातवी पास. अण्णांनी शाळा बाहेरूनच बघितलेली. नवी नवरी उंबरा ओलांडून आत आली आणि एका दमात सात शिंका दिल्या. बायका हसल्या, वहिनीही हसल्या. अण्णांना मात्र हसू आलं नाही. आपल्या अंगाच्या वासाने शिंकल्या, एवढंच त्यांनी मनात धरलं.

सहा महिन्यांनी वहिनी पंचमीला माहेरी गेल्या. आमच्याकडे सासरचं माणूस न्यायला आल्याशिवाय मुलीला लावून देत नाहीत. अण्णांच्या घरात दुसरं कोणी नव्हतं, जायचं त्यांनीच. "जातो की. जरा सुधारतो आन् जातो." असं म्हणता म्हणता तीन पंचम्या गेल्या.

नंदगडहून पत्र आलं की उत्तर मी लिहायचा. "तुझ्या भाषेत लिव्ह, माझ्या नगं," अण्णा बजावायचे. मीही हौसेने लिहायचो, 'सांप्रत कार्यबाहुल्यामुळे येणे घडत नाही, क्षमा असावी.' अण्णा ते माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचे, मान हलवायचे. एकदा हळूच म्हणाले, "थंडीचं जप म्हणून लिवलंयस न्हवं?"

मी लिहिलं नव्हतं. एवढ्या भारी पत्रात ते कुठे बसवावं, मला कळलं नव्हतं. मी म्हणालो, "व्हय, लिवलंय."

पुढे मी बेळगावला कॉलेजात आलो. इथे तोंड उघडण्याआधी मीही प्रत्येक शब्द आधी मनात घासून घेतो, त्यामुळे अण्णांची फार आठवण येते. गेल्या आठवड्यात खडेबाजारात वहिनींचा धाकटा भाऊ भेटला. त्याने विचारलं, "ती पत्रं तुमी लिवत हुता व्हय?"

"होय."

"आक्का म्हणती, ह्ये बोलणं त्यांचं न्हवं. असं परक्यागत बोलाय लागले म्हणजे मला आता नेत न्हाईत."

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी शनिवारची मोटार धरली आणि निपाणीला गेलो.

अण्णा परसात दगडावर बसून लिंबाची फोड घासत होते. मी आधी थंडीचं खोटं कबूल केलं. ते आणखी जोरात घासू लागले. मग मी सांगितलं, की वहिनींनी जाताना त्यांचं वखारीतलं कांबळं नेलं होतं. तीन वर्षं तेच पांघरतात. एकदाही पाण्यात घातलेलं नाही, आईलासुद्धा धुऊ देत नाहीत.

अण्णांचा हात थांबला. "माझं कांबळं?"

"तुमचंच."

त्यांनी तळहात उघडून बघितला. मग विचारलं, "आन् शिंका?"

"पयल्यांदा लई यायच्या म्हणं. आता येत न्हाईत. त्याचंच वाईट वाटतंय त्यास्नी." मी वहिनींचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "कांबळ्याचा वास जात चाललाय, म्हणावं. सगळा जायच्या आत न्यायला या."