जिना कुठल्या हाताला

"आत शिरलं की उजव्या हाताला जिना होता," कमळताई म्हणाल्या.

"डाव्या," बाहेर फणसाखालून आवाज आला.

धर्मा मिस्त्री ओळंबा हातात धरून ओटीवर उभा होता. त्याने आधी कमळताईंकडे पाहिलं, मग फणसाकडे. फणसाखाली शेजारच्या आवडाबाई पाय पसरून बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. काम सुरू झाल्यापासून त्या रोज सकाळी येत आणि कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीला घरी जात.

"तुम्हाला कुणी विचारलं का?" कमळताई कडाडल्या.

"न्हाय इचारलं. पन जिना डाव्या हातालाच व्हता."

कमळताईंचा संताप समजण्यासारखा होता. त्यांचे वडील या खाडीकाठच्या गावात प्राथमिक शाळेचे मास्तर होते आणि याच घराच्या अर्ध्या भागात बिऱ्हाड करून राहिले होते. कमळताईंची सातव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंतची तीन वर्षं इथे गेली. एकसष्ट साली वडिलांची बदली झाली आणि घर सुटलं. पण कमळताईंच्या डोक्यातून ते कधीच सुटलं नाही. ओटी, माजघर, चार खोल्या, वर अख्खा माळा. घर विकायला निघाल्याचं कानावर आलं तेव्हा चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कुणाचंही न ऐकता, त्यांनी ते विकत घेतलं. जिना वाळवीने खाल्ला होता, तो मालकांनी कधीच काढून टाकला होता. गिलावा सगळीकडे सारखाच होता, त्यामुळे जिन्याची जागा कळायला मार्ग नव्हता. पण मार्ग हवा कशाला? कमळताईंना आठवत होतं ना!

त्यांचा मुलगा दिपेश पनवेलला राहायचा. त्याने आर्किटेक्टचं नाव काढलं होतं. कमळताईंनी ते उडवून लावलं होतं. "नकाशा माझ्या डोक्यात आहे. घर होतं तस्संच झालं पाहिजे."

"आई, दिवाळीत घराच्या चाव्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. तुला हल्ली आठवत नाही."

"मला अठ्ठावन्न सालचं आठवतं."

"तेच म्हणतोय मी. अठ्ठावन्नचं आठवतं, कालचं नाही. आणि अठ्ठावन्नचं तरी खरं आठवतं का, हे सांगायला कोण आहे?"

शेवटी मायलेकांचा करार झाला. घर तिच्या आठवणीबरहुकूम निघालं, तर तिने तिथे खुशाल एकटीने राहावं. आठवणीतच घोळ आहे असं दिसलं, तर मुकाट्याने पनवेलला परत यायचं आणि स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे जायचं. कमळताई या कराराला हसत हसत तयार झाल्या होत्या. त्या वेळी त्यांना फणसाखालच्या बाईची कल्पना नव्हती.

"भांडू नका," धर्मा म्हणाला. "जिन्याची तुळई भितीत घुसवल्याली आसते. गिलावा खरवडला की भोक गावंल. दोन मिन्टाचं काम."

त्याने उजवीकडची भिंत खरवडली. भोक नव्हतं.

"खोल जा," कमळताई म्हणाल्या.

तो खोल गेला. जांभ्याचा एक चिरा निघाला, मग दुसरा. शेवटी पलीकडचं ऊन आत आलं आणि त्या उन्हात शेजारची कोंबडी उभी राहून आत बघू लागली. भोक मात्र नव्हतं. म्हणजे तुळईचं नव्हतं. बाकी भोक चांगलं हातभर रुंद झालं होतं.

मग धर्माने डावीकडच्या भिंतीवर सहज एक छिन्नी मारली. गिलाव्याचा पापुद्रा पडला आणि तुळईची चौकोनी खाच डोळा उघडावा तशी उघडी पडली.

आवडाबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी चंचीतून मिश्री काढली आणि शांतपणे दातांना लावायला घेतली. बोलल्या असत्या तर कमळताईंना परवडलं असतं.

"एखादी गोष्ट चुकते माणसाची," कमळताई धर्माला म्हणाल्या. "पण देवाचा कोनाडा डाव्या हाताला होता, यात शंका नाही. मी रोज निरांजन लावलंय तिथे."

"उजव्या," मिश्रीच्या तोंडाने उत्तर आलं. "सासू मला सणाला धाडायची, फुलं द्यायला. मी सोता ठेवल्यात कोनाड्यात."

"तुम्ही कधी आलात या गावात?"

"येकुनसत्तर साली. लगीन होऊन."

"मी अठ्ठावन्न साली आले! तुमच्या आधी अकरा वर्षं!"

"आनी गेलीस कवा?" आवडाबाईंनी विचारलं. "तीन वर्सांत. मी हितंच हाय गो ताय. छप्पन वर्सं झाली. घर काय तुला इचारून उजवं-डावं व्हतं?"

हा हिशेब धर्माला पटला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणून कमळताईंनी त्याला आधी डावीकडची भिंतच फोडायला लावली. निम्मी फोडून झाली तरी कोनाडा सापडेना. वरच्या माळ्याने एक मोठा उसासा टाकला. कामगार बाहेर पळाले. धर्माने घाईघाईने सुरूच्या वाशांचे टेकू आणून लावले आणि मग न विचारताच उजवीकडच्या शाबूत भागावर हातोडी ठोकली. आत पोकळ आवाज आला. कोनाडा निघाला. त्यात निरांजनाची काजळी अजून होती.

कमळताईंनी त्या काजळीवरून बोट फिरवलं. जागा चुकीची होती, पण काजळी त्यांची होती. ही काजळी आपल्या हातची आहे आणि तरी ती भलत्याच भिंतीत निघते, या अन्यायाची दाद मागायची तरी कुणाकडे?

रविवारी दिपेश आला. दारातूनच त्याने माळ्याखालचे टेकू मोजले. अकरा होते. मग आरपार भोकाकडे आणि त्यातून ये-जा करणाऱ्या कोंबडीकडे पाहिलं.

"आई, हे काय केलंयस?"

"मी काही केलेलं नाही. धर्माने फोडलंय."

"बाईनी सांगितलं म्हनून फोडलं," धर्मा म्हणाला. "माजं काय, मी फोडतो पन आनी बांधतो पन. पन दादा, येवडं सांगतो. बाई उजवीकडं म्हनतात ते डावीकडं निघतंय, आनी डावीकडं म्हनतात ते उजवीकडं."

दिपेश फणसाखाली गेला. "मावशी, तुम्हाला सगळं बरोबर कसं आठवतं हो?"

"हितं राह्यलेलं मानूस इसरंल कसं बाबा?" आवडाबाई म्हणाल्या, आणि मग जरा हळू आवाजात, पण ओटीपर्यंत ऐकू जाईल इतपत मोठ्याने, "वय झालं की व्हतं आसं. तिला बोलू नको."

हे "तिला बोलू नको" कमळताईंना सगळ्यात झोंबलं. त्या तरातरा बाहेर आल्या.

"वय झालं? तुमचं काय लग्नाचं वय आहे? ऐका. जेवायला पुढच्या पडवीत बसलो की समोर खाडी दिसायची. दुपारी भरतीचं पाणी चमकायचं आणि त्याची चमक वर कौलांवर हलायची. वडील म्हणायचे, आपल्याकडे पाण्याचा पंखा आहे. हे मी विसरेन?"

धर्मा खाली बघू लागला. पुढच्या पडवीसमोरून त्याच वेळी तळा गावाला जाणारी एस्टी धुरळा उडवत गेली.

"आई," दिपेश अगदी मऊ आवाजात म्हणाला. लहानपणी तो ताप आलेल्या कुत्र्याशी असा बोलायचा. "आई, पुढे रस्ता आहे. खाडी मागे आहे."

"मला माहीत आहे आज खाडी कुठे आहे!"

"बरं. आपण बुधवारी पनवेलला जाऊ या. साडेअकराची वेळ घेतलीय. नुसते प्रश्न विचारतात गं. घड्याळाचं चित्र काढायला सांगतात."

आयुष्यभर शाळेच्या कचेरीत बसून शेकडो मुलांची जन्मतारीख न बघता सांगणाऱ्या बाईला कुणी घड्याळाचं चित्र काढायला सांगणार होतं. कमळताईंनी पदर खोचला.

"धर्मा, मागची भिंत फोड."

"बाई, पुढची सोडली तर आता तीच येक धड हाय."

"म्हणूनच. आमची पडवी तिकडे नव्हती ना? पाणी दिसत नव्हतं ना? मग मागे सलग जांभ्याची भिंत असेल. तशी निघाली तर मी बुधवारी घड्याळ काढते, भिंतीवरचं, मनगटावरचं, म्हणाल ते. फोड."

"आई, नको."

"करार झालाय आपला. घराला विचारायचं ठरलंय, शेजाऱ्यांना नाही."

धर्माने दिपेशकडे पाहिलं. दिपेशने हात वर केले. आवडाबाई या वेळी आपणहून उठल्या आणि आत येऊन उभ्या राहिल्या. हरणाऱ्या माणसाला जवळून बघायची त्यांना हौस असावी, असं कमळताईंना वाटलं.

पहिल्या घावालाच धर्माचा चेहरा बदलला. "हा चिरा न्हाय. ही वीट हाय." त्याने गिलावा भराभरा उतरवला. दोन्ही अंगांना जांभा होता आणि मधोमध, माणूसभर उंच आणि चांगली चार हात रुंद, विटांची भर होती. विटा निघाल्या तशी आधी सागवानी चौकट दिसली. मग चौकटीच्या माथ्यावर कोरलेला गणपती. मग खाली मधोमध झिजून खोलगट झालेला दगडी उंबरठा. मागच्या दाराला कुणी गणपती कोरत नाही आणि मागच्या दाराचा उंबरठा इतका झिजत नाही.

धर्माने शेवटच्या विटा लाथेने बाहेर ढकलल्या आणि कोयत्याने पलीकडची घाणेरीची झुडपं साफ केली. मोडक्या पडवीचं जोतं उघडं पडलं. जोत्यापासून जांभ्याच्या पायऱ्या उतरत उतरत खाडीच्या चिखलापर्यंत गेल्या होत्या. शेवटच्या पायरीत होडी बांधायची लोखंडी कडी गंजून बसली होती.

"आम्ही लाँचने यायचो," कमळताई सावकाश म्हणाल्या. "आगरदांड्याहून लाँच, मग होडी. होडी या पायऱ्यांना लागायची. रस्ता नव्हताच तेव्हा."

"मी आले तवा रस्ता व्हता," आवडाबाई पुटपुटल्या. "मी येस्टीनं आले."

दिपेश पुढच्या दारात गेला. तिथून आत आला आणि डावीकडे हात केला. मग मागच्या नव्या उघड्या दारातून बाहेर उतरून खाडीच्या बाजूने आत आला आणि उजवीकडे हात केला. दोन्ही वेळा त्याचा हात त्याच एका खाचेकडे गेला.

"रस्ता झाल्यावर घर फिरवलं!" तो ओरडला. "पुढचं मागे केलं! आई, तुझं बरोबर होतं. मावशी, तुमचंही."

"माझं आधीपासून बरोबर होतं," कमळताई म्हणाल्या.

"माजं कवा चुकलं व्हतं?" आवडाबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे रागाने बघत राहिल्या. दोघींनाही जिंकल्याचं समाधान मिळायला हवं होतं, पण समोरची हरलीच नसल्यामुळे ते कुणालाच पुरतं मिळेना. शेवटी आवडाबाई त्या झिजलेल्या उंबरठ्यावर बसल्या आणि शेजारी हाताने धूळ झटकून म्हणाल्या, "बस गो. उभी किती राहशील." कमळताई बसल्या. भरती होती. पाणी चमकत होतं.

धर्माने अकरा टेकूंकडे पाहून विचारलं, "मंग आता पाऊस यायच्या आदी तिन्ही भिती बांधायच्या. पानी लागंल भरपूर. पंचायतीचं पानी येका दिवसाआड, ते बी तासभर. घराला हीर व्हती का न्हाय?"

"होती तर!" कमळताई म्हणाल्या.

"व्हती की!" आवडाबाई म्हणाल्या. "मंग बुजवली."

"कुठे?"

दोघींनी एकाच वेळी हात वर केला. दोघींचीही बोटं फणसाच्या पलीकडे, कुंपणाजवळच्या त्याच एका जागेकडे रोखली होती.

धर्माच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. महिनाभर त्याने एकमत पाहिलं नव्हतं. त्याने दिपेशला विचारलं नाही, गावात विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. खालच्या आळीत रस्त्याच्या कामावर जेसीबी आला होता, तो तासाभरासाठी बोलावून आणला. दोन इतक्या पक्क्या आठवणी जिथे जुळल्या, तिथे शंका काढायची ती काय?

दिपेश ओटीवर उभा राहून दवाखान्यात फोन लावत होता. "हो, बुधवारची साडेअकराची. रद्द करा. नाही नाही, गरजच नाही. आईची स्मरणशक्ती अगदी ठणठणीत आहे. आमच्यापेक्षा..."

जेसीबीच्या दातांखाली काहीतरी कडकन मोडलं आणि पाण्याचा एक जाड फवारा फणसाच्या शेंड्यापर्यंत उडाला.

"पानी!" धर्मा आनंदाने किंचाळला. "बाई, पानी लागलं! चारच फुटावर!"

तो आनंद फार टिकला नाही. गावाला पाणी सोडणारा भागोजी लुंगी सावरत, धापा टाकत रस्त्यावरून पळत आला. त्याच्यामागे रिकामे हंडे घेतलेल्या आठ-दहा बायका होत्या, आणि त्या पाणी भरायला आल्यासारख्या दिसत नव्हत्या.

"अरे बंद करा ते!" भागोजी ओरडला. "पंचायतीची मेन लाइन हाय ती! तीन वर्सांमागं मी सोता हितं चर खनलाय. हितं कसली हीर आन कसलं काय!"

दिपेशने कानाला लावलेला फोन हळूच खाली केला. "आई," तो म्हणाला, "विहीर नक्की इथेच..."

उंबरठ्यावरून उठून दोघी म्हाताऱ्या आता ओटीवर खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. अंगावर फवाऱ्याचे थेंब पडत होते, पण एकीनेही पाऊल मागे घेतलं नाही.

"लाइन असेल तुमची," कमळताई भागोजीला म्हणाल्या. "विहीर आमची आहे."

"आनी तू आमाला सांगू नको रे," आवडाबाई कडाडल्या. "पंचायत आत्ता आली. पानी आदीपासनं हाय."